नानकटाईच्या बाजूने

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडे लेख मागितला की तो लसीकरणावर, ताप आणि प्रतिजैविकांवर किंवा फार तर परीक्षेच्या ताणावर असणार, असे संपादक आणि वाचक दोघांनीही गृहीत धरलेले असते. यंदा ती वहिवाट थोडी मोडून मी एका खाद्यपदार्थाची वकिली करण्याचे योजिले आहे. हा पदार्थ म्हणजे नानकटाई. मैदा, तूप आणि साखर यांच्या जोरावर उभ्या असलेल्या पदार्थाची बाजू एखाद्या डॉक्टरने घ्यावी, हे माझ्या व्यवसायबंधूंना विपरीत वाटण्याचा संभव आहे. पण माझे म्हणणे साधे आहे. नानकटाई हा सणाचा पदार्थ आहे, आणि तो सणाचा म्हणूनच आपल्या घरांत टिकला पाहिजे. बालकांच्या आरोग्याला खरा उपद्रव सणाच्या गोडाचा नाही. रोजच्या आहारात अन्नाचे सोंग घेऊन शिरलेल्या गोडाचा आहे. हा भेद नीट कळण्यासाठी नानकटाईचे कुळ आणि मूळ पाहणे उपयोगी पडते.

प्रथम नावाकडे पाहू. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी. 'खताई' या शब्दाचा संबंध बहुतेक अभ्यासक 'खता' या फारसी देशनामाशी जोडतात. खता म्हणजे उत्तर चीन. युरोपीय प्रवाशांनी ज्याला 'कॅथे' म्हटले, तोच हा प्रदेश. म्हणजे नावाचा शब्दार्थ झाला 'चिनी रोटी'. अफगाणिस्तानात आजही याच जातीच्या बिस्किटाला 'कुल्चा-ए-खताई' म्हणतात. आपल्याकडे आणखी एक व्युत्पत्ती ऐकू येते. मैदा, अंडी, साखर, तूप, बदाम आणि ताडी असे सहा जिन्नस पडत, म्हणून 'खट' म्हणजे सहा. फारसीत सहाला 'शश' म्हणतात, तेव्हा फारसी नानाला संस्कृत 'षट्' चिकटवण्याचा हा खटाटोपच म्हटला पाहिजे. गुजरातीत हा शब्द 'नानखटाई' झाला आणि मराठी जिभेने त्यातल्या 'ख'चा 'क' करून 'नानकटाई' हे सुटसुटीत रूप घडवले. तिच्यात आंबट काही नसताना नावात 'खटाई' कशी, हा लहान मुलांचा प्रश्नही त्यामुळे परस्पर निकालात निघाला.

जन्मस्थानाचा मान सुरतेकडे जातो. सुरतेच्या दोटीवाला बेकरीत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डच व्यापाऱ्यांसाठी तेथे पावाची भट्टी होती. तीत पारशी कामगार होते. डच निघून गेले तेव्हा भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली. पुढे पावाचे गिऱ्हाईक आटले, शिल्लक पाव सुकू लागला आणि लोकांना तो सुका, कुरकुरीत पावच आवडू लागला. त्यातून बिस्किटे आली. मग गुजराती गिऱ्हाइकाला चालावे म्हणून अंडी आणि ताडी गळली, तूप वाढले आणि आजची नानकटाई सिद्ध झाली. या कथेतील तारखा मात्र जरा तपासून घ्याव्या लागतात. डचांची भट्टी सोळाव्या शतकातली असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. पण डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापनाच मुळी १६०२ सालची. सुरतेत डचांचा व्यापार स्थिरावला तो सतराव्या शतकात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा तेथे इंग्रजांप्रमाणे डचांचीही वखार होती. डचांनी सुरत अखेर सोडली ती १८२५ मध्ये, आणि बेकरी आपले स्थापनावर्ष १८६१ सांगते. लोककथा आणि कालगणना यांचा सांधा असा थोडा ढिला आहे. पण फारसी नाव, युरोपीय भट्टी, पारशी हात आणि गुजराती तूप ही चार सूत्रे सुरतेसारख्या बंदरात एकत्र यावीत, यात अविश्वसनीय काहीच नाही.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत डचांचा विषय निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. मलबारच्या वनस्पतींचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड १६९१ मध्ये सुरतेस येताना समुद्रातच वारला. त्याची भव्य कबर सुरतेच्या डच दफनभूमीत आहे. त्या ग्रंथासाठी त्याला इट्टी अच्युतन या केरळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते. डचांशी आपला संबंध केवळ मिऱ्यांपुरता नव्हता, हे यावरून दिसेल.

आता नानकटाईच्या भावंडांकडे पाहू, कारण माझा मुख्य मुद्दा तेथेच दडलेला आहे. पीठ, घट्ट स्निग्धांश आणि साखर, वर किंवा आत सुकामेवा, पाणी नाही किंवा नाममात्र, अशी घडण असलेली बिस्किटे निम्म्या जगात आहेत. इराणात हरभऱ्याच्या पिठाची, वेलदोड्याच्या वासाची आणि वर पिस्त्याचा चुरा लावलेली 'नान-ए-नोखोदची' आहे. बेसन घातलेल्या आपल्या नानकटाईची ती सख्खी बहीण शोभेल. अरब देशांत 'घुरैबा' आहे आणि तिच्या माथ्यावरही एखादा पिस्ता वा बदाम बसवलेला असतो. ग्रीसमध्ये बदामाचे 'कुराबिएदेस' आहेत. स्पेनमध्ये 'पोल्व्होरोन' आहेत. 'पोल्व्हो' म्हणजे धूळ, म्हणजेच तोंडात टाकताच ज्याचा भुगा होतो ते. स्कॉटलंडची शॉर्टब्रेड तर सर्वपरिचित आहे. तिच्या नावातील 'शॉर्ट' म्हणजे आखूड नव्हे, तर ठिसूळ. आपण ज्याला खुसखुशीत म्हणतो तेच.

ही भावंडे केव्हा खाल्ली जातात तेही पाहा. नोखोदची इराणी नववर्षाला, म्हणजे नवरोजला. घुरैबा इजिप्तमध्ये ईदला. कुराबिएदेस आणि पोल्व्होरोन नाताळात. शॉर्टब्रेड स्कॉटलंडच्या वर्षअखेरीच्या उत्सवात. आणि आपली नानकटाई दिवाळीत. धर्म, भाषा आणि हवामान यांत इतके अंतर असूनही या सर्व समाजांनी हा पदार्थ वर्षाच्या ठरावीक दिवसांसाठी राखून ठेवला. लोणी, तूप, साखर आणि सुकामेवा महाग होते, हे त्याचे आर्थिक कारण. पण परिणाम आहारशास्त्राला धरून झाला. शरीराला रोज पेलणार नाही असा पदार्थ रोजच्या ताटात आला नाही आणि सणाच्या दिवशी त्याचा आनंद कोणी नाकारलाही नाही. लिखित मार्गदर्शक तत्त्वे नसताना आपल्या पूर्वजांनी मात्रा अचूक सांभाळली होती.

खुसखुशीतपणाचे शास्त्रही याच तुपात आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांची ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. पोळीला ती हवी असते. नानकटाईला ती नको असते. पिठाच्या कणांना आधीच तुपाचा लेप बसला की त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही आणि जाळी धरत नाही. शंकरपाळ्यांना वा चकलीला आपण कडकडीत मोहन घालतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. म्हणून जाणत्या गृहिणी परातीत रवाळ तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरी व हलकी होईपर्यंत फेसतात, त्यात मैदा, थोडे बेसन, थोडा रवा आणि चिमूटभर सोडा मिसळतात, पण मळत बसत नाहीत. भट्टीत पृष्ठभाग आधी सुकतो, आतून वायू आणि वाफ जोर करतात, आणि माथ्यावर भेगा पडतात. नानकटाईला भेग पडणे हा तिचा दोष नाही. ती नीट जमल्याची खूण आहे.

बडोद्यातील मराठी घरांत ही सुरतेची लेक केव्हा नांदायला आली याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण आमच्या पिढीच्या बालपणी ती पक्की घरची झालेली होती. घरात ओव्हन नसायचे. दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि साखर डब्यांत भरून भट्टीवर न्यायची, नंबर लावायचा, आणि आपल्याच तुपाच्या नानकटाया होत आहेत ना, यावर डोळा ठेवायला घरातले एक मूल तेथे बसवायचे, अशी पद्धत होती. ती केवळ संशयाची पद्धत नव्हती. आपण काय खातो, त्यात काय आणि किती पडले, हे घरातल्या लहानथोर सर्वांना ठाऊक असे. आजच्या भाषेत सांगायचे तर पदार्थाचे लेबल त्या मुलाच्या डोळ्यांसमोर लिहिले जात होते. फराळाच्या ताटात चकली, करंजी आणि अनारसा यांच्या पंगतीला नानकटाई बसली आणि ती परकी आहे असे कोणालाही वाटले नाही. सणाच्या ताटाला पासपोर्ट लागत नाही.

या कथेतला काळा अध्यायही सांगितला पाहिजे. तो तुपाचा आहे. १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आले, आणि पिवळ्या डब्यावरचे ते ताडाचे झाड पुढे घरोघरी पोहोचले. साजूक तुपापेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि बेकरीला सोयीचे म्हणून भट्ट्यांमध्ये वनस्पती तुपाचे राज्य सुरू झाले. तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना ट्रान्स मेदाम्ले तयार होतात, आणि ती हृदयाला घातक असतात, हे कळायला अर्धशतक जावे लागले. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान या संशोधकांनी दाखवून दिले की ही मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवतात. हे दोघेही डच, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग. आपल्या देशात कायद्याने मर्यादा हळूहळू कडक होत गेली आणि जानेवारी २०२२ पासून तेले, तुपे आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांत औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आले. हा मोठाच विजय आहे. पण त्याचा अर्थ बेकरीतील तूप आता पथ्याचे झाले असा नव्हे. ट्रान्स मेदाम्लांच्या जागी बहुधा पामतेलातील संपृक्त मेदाम्ले आली आहेत. आणि साजूक तुपातही संपृक्त मेदाम्लांचाच मोठा वाटा असतो. साजूक तुपाची नानकटाई चवीने श्रेष्ठ आहे, भेसळीच्या दृष्टीने निर्धास्त आहे. ती औषधी मात्र नाही.

येथे थोडे गणित करू. १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम पीठ घेतले तर सुमारे २,००० कॅलरी होतात. यात २५ नानकटाया झाल्या, तर एकीत ८० कॅलरी, ४ ग्रॅम साखर, ४ ग्रॅम तूप आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिन येते. दोन वर्षांच्या बालकाची दिवसाची गरज सुमारे १,००० कॅलरींची असते. चार नानकटाया खाल्ल्या की त्या बालकाच्या पोटातली दिवसाची जवळजवळ एकतृतीयांश जागा भरली, आणि शरीर बांधणारे हाती फारसे काही लागले नाही. दिवाळीच्या चार दिवसांत याने काही बिघडत नाही. पण हेच वर्षाचे ३६५ दिवस चालले तर?

आणि ते चालले आहे. केवळ नानकटाईच्या नावाने नव्हे. पुड्यावर गव्हाची लोंबी आणि दुधाचा पेला यांची चित्रे असलेली बिस्किटे घराघरात सकाळ-संध्याकाळ बालकांच्या हाती दिली जातात. वर्ष-दीड वर्षाचे मूल, चेहरा फिकट, जेवणाला तोंड फिरवते अशी तक्रार, आणि आहार विचारला तर उत्तर येते, "डॉक्टरसाहेब, जेवत काहीच नाही, पण दुधात बिस्किट कुस्करून दिले की खातो बिचारा." माझ्या सर्व बालरोगतज्ज्ञ मित्रांना हे वाक्य पाठ असेल. हे वाक्य बोलणाऱ्या आईला दोष देण्याचे कारण नाही. तिला कोणीतरी सातत्याने सांगितले आहे की बिस्किट हे अन्न आहे. गोड चवीने आणि दुधाने पोट भरलेले मूल वरणभाताला, भाजीला, अंड्याला तोंड लावत नाही; लोह मिळायचे ते मिळत नाही; लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते. हे चक्र आपण रोज पाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. आपल्या गुजरातेत हे प्रमाण ७९.७ टक्के होते. याला कारणे अनेक आहेत आणि सारा दोष बिस्किटाच्या माथी मारणे अशास्त्रीय ठरेल. पण ज्या समाजात दर पाचांतली चार बालके रक्तक्षयी आहेत, तेथे पोटातली मर्यादित जागा मैदा-साखरेला रोज देणे परवडणारे नाही.

म्हणूनच मी नानकटाईची बाजू घेतो. ती प्रामाणिक आहे. आपण पौष्टिक आहोत, बुद्धी वाढवतो, हाडे बळकट करतो, असा दावा तिने कधीही केला नाही. तिच्याकडे पाहूनच कळते की हे गोड आहे, तुपकट आहे, आणि दोन खाऊन थांबायचे आहे. मिठाईला मिठाई म्हणण्याने कोणाचे नुकसान होत नाही; मिठाईला अन्न म्हणण्याने होते. आपण डॉक्टर मंडळी मात्र सरसकट निषिद्धांची यादी हातात ठेवतो: गोड बंद, तळलेले बंद, बेकरीचे बंद. अशी यादी कोणी पाळत नाही. उलट सर्वच बंद म्हटल्याने काय खरोखर टाळायचे आणि काय प्रसंगी चालेल, हा विवेक नाहीसा होतो. आजीने हौसेने केलेली दिवाळीची नानकटाई आणि रोजचा पुडा या दोहोंना एकच शिक्षा सुनावली, तर आजी दुखावते आणि पुडा तसाच राहतो.

यावर कोणी म्हणेल, मुलांना गोडाची सवय मुळातच कशाला लावावी? आक्षेप रास्त आहे, आणि दोन वर्षांखालील बालकांपुरता तो मला पूर्णपणे मान्य आहे. त्या वयात वरून घातलेल्या साखरेची गरज नाही, सण असो वा नसो. पण त्यापुढील मूल समाजात वावरते, पंगतीला बसते, शेजाऱ्यांचे ताट घेऊन येते. गोड कधीच न पाहिलेल्या मुलापेक्षा गोड केव्हा आणि किती, हे घरात पाहून शिकलेले मूल पुढे अधिक सुरक्षित असते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

व्यवहारात काय करावे, हेही सांगतो. नानकटाई वर्षातून मोजक्या प्रसंगी करावी आणि शक्यतो घरी करावी. आता अनेक घरांत ओव्हन आहेत, आणि नसले तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवूनही ती उत्तम होते. मुलांना गोळे वळू द्यावेत; त्यात किती तूप आणि किती साखर पडते हे त्यांना दिसू द्यावे. भट्टीवरून आणायची असल्यास कोणते तूप वापरले हे न संकोचता विचारावे. चार-पाच वर्षांखालील बालके असलेल्या घरात वरचा अख्खा पिस्ता, बदाम किंवा चारोळी टाळून त्यांची पूड पिठातच मिसळावी. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर आली आहे. अख्खा सुकामेवा लहान बालकांसाठी धोक्याचाच आहे. मात्र याचा अर्थ सुकामेवा लहानपणी वर्ज्य करावा असा नव्हे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४० अर्भकांच्या अभ्यासात, ॲलर्जीची शक्यता अधिक असलेल्या ज्या बालकांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा योग्य रूपात देण्यास सुरुवात झाली, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण तो टाळणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या स्वयंपाकघरातला दाण्याचा कूट, बारीक आणि ओलसर करून दिलेला, हे त्याचे सहज रूप आहे. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बालकांत मात्र आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि रोजच्या भुकेसाठी? भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून, मऊ उपमा, थालीपीठ, मूगडाळीचे धिरडे, केळे, उकडलेले अंडे, ढोकळा, पोह्यांबरोबर लिंबू. यांतले काहीही पुड्यात येत नाही, त्यांना जाहिरात नाही, म्हणून ती जाहिरात आपणच केली पाहिजे. तपासणीच्या खोलीत औषधाची चिठ्ठी लिहिताना आणखी दोन मिनिटे खर्चून "दुधात बिस्किट नको" एवढे स्पष्ट सांगणे, हे लोहाचे सिरप लिहून देण्याइतकेच महत्त्वाचे मानावे, अशी माझी सर्व व्यवसायबंधूंना आग्रहाची विनंती आहे. आपल्या मंडळाच्या बैठकांपासूनही सुरुवात करता येईल. दरमहाच्या शास्त्रीय व्याख्यानानंतर चहाबरोबर येणारी बिस्किटांची बशी बंद करून तेथे भाजलेले दाणे-फुटाणे ठेवावेत. आणि दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात मात्र, उत्तम साजूक तुपाची, भेगाळलेली, वेलदोड्याच्या वासाची नानकटाई प्रत्येकी दोन, मन मोकळे ठेवून वाढावी.